पाइपलाईनचा नकाशा: रेघा एकमेकींना छेदू नयेत आणि व्हॉल्व्हमनला वाचताही यावा

पंपहाऊस_नाशिक

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा गणिताचा, थोडा ड्रॉइंगचा आहे. कुठल्या विभागात टाकावा कळेना, म्हणून इथेच टाकते.

मी सिव्हिल डिप्लोमा केलेली. पाण्याच्या लाईनींची कामं घेणाऱ्या एका छोट्या ऑफिसात आहे. सध्या गंगापूर रोडला एका मोठ्या खाजगी वसाहतीचं आतलं पाणीवाटप हातात आहे. दोन उंच टाक्या, एक संप, बाकी सगळं जमिनीखाली. ईपीएनेटमध्ये (पाण्याच्या जाळ्याचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर) मॉडेल पूर्ण झालंय: 46 नोड म्हणजे जोडबिंदू, 61 पाइप. प्रेशर वगैरे जुळलंय, त्याची चिंता नाही.

चिंता एका कागदाची आहे. पंपहाऊसच्या भिंतीवर ए-थ्री आकाराचा, लॅमिनेट केलेला एक आकृती-नकाशा लावायचाय. तक्रार आली की रात्रपाळीचा माणूस त्याकडे बघून ठरवणार, कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा. आधीच्या सल्लागारांनी दिलेलं ड्रॉइंग स्केलमध्ये आहे. म्हणजे टाकीजवळचे नऊ व्हॉल्व्ह अंगठ्याएवढ्या जागेत कोंबलेले, आणि पूर्वेकडे अर्धा कागद रिकामा. त्यातून दोन ठिकाणी एक लाईन दुसरीच्या खालून जाते. जोड नाही, फक्त खोली वेगळी. पण कागदावर ते हुबेहूब क्रॉससारखं दिसतं. मागे एकाने तिथे व्हॉल्व्ह शोधायला खड्डासुद्धा मारला होता.

तर मला वाटलं, प्रमाण सोडून द्यावं, फक्त कोण कोणाला जोडलंय ते दाखवावं, आणि एकही छेद नको. पायथनमध्ये नेटवर्कएक्स नावाची लायब्ररी वापरून बघितलं. स्प्रिंग लेआउटने गोळा करून दिला, छेद भरपूर. मग प्लेनर लेआउट लावला, तर ग्राफ (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा) प्लेनर नाही, म्हणजे छेदाशिवाय काढताच येत नाही, म्हणून एरर. दुसऱ्या टाकीची बायपास लाईन काढून टाकली तेव्हा चाललं. छेद खरोखर शून्य. पण चित्र असं, की तंबू ठोकलाय आणि सगळे पाइप त्याच्या एका कोपऱ्यात सरकून बसलेत. काही रेघा इतक्या बारीक कोनात की दोनच्या ऐवजी एकच वाटते. हे भिंतीवर लावलं तर व्हॉल्व्हमन मलाच बंद करेल.

छेद नसलेली आणि तरीही माणसाने हाताने काढल्यासारखी आकृती देणारा अल्गोरिदम कुठला? एका मैत्रिणीने टट नावाच्या गणितज्ञाची पद्धत सांगितली. ती चालेल का?

---

अर्धवट_इंजिनिअर

स्प्रिंगच वापरा, फक्त इटरेशन वाढवा आणि वेगवेगळ्या सीडने पन्नासेक वेळा चालवून सगळ्यात कमी छेदवालं घ्या. किंवा ग्राफविझचं नीटो. आम्ही प्रोजेक्टला तेच केलं, एक्स्टर्नलला आवडलं.

---

तांब्याची_रेघ

एक्स्टर्नलला पंपहाऊसमध्ये रात्री दोन वाजता व्हॉल्व्ह बंद करायचा नव्हता.

माझी ओळख एका ओळीत: अंबडला पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटचे बोर्ड) लेआउट करण्यात अख्खी नोकरी गेली, मायलरच्या प्लास्टिक कागदावर काळी टेप चिकटवण्याच्या काळापासून. एकपदरी बोर्डाला तांबं एकाच बाजूला असतं. दोन रेघा छेदल्या की शॉर्ट. टाळता आलं नाही तर वरून जंपर, म्हणजे जोडतार, टाकायचा, आणि दर जंपरमागे खरेदी खात्याची बोलणी खायची. त्यामुळे ताईंचा प्रश्न हा माझा जुना धंदा आहे. सविस्तर लिहितो, घाई असणाऱ्यांनी पुढे जावं.

आधी तो एरर. 46 नोडच्या प्लेनर ग्राफला जास्तीत जास्त 3 × 46 − 6, म्हणजे 132 कडा (तुमच्या भाषेत पाइप) असू शकतात. तुमच्या 61 आहेत, निम्म्याहून कमी. तरी प्लेनर नाही. कारण ही मर्यादा ओलांडली तर ग्राफ नक्की प्लेनर नसतो, पण मर्यादेत असला म्हणून प्लेनर असेलच असं नाही. जुनं कोडं आठवा: तीन घरं, आणि प्रत्येकाला पाणी, वीज, गॅस यांची वेगळी लाईन, एकही छेद न देता. 6 नोड, 9 कडा, मर्यादा 12, तरी जन्मात जमत नाही. त्यात त्रिकोणच नाहीत, सगळे लूप निदान चार कडांचे, म्हणून खरी मर्यादा 2 × 6 − 4, म्हणजे 8 वर येते, आणि कडा 9 आहेत. कुराटोव्स्कीने 1930 मध्ये दाखवलं की ग्राफ प्लेनर नसेल तर आत कुठेतरी एक तर हे तीन-घरांचं जाळं दडलेलं असतं, नाहीतर पाच नोड सगळे सगळ्यांना जोडलेले. तुमच्याकडे बहुतेक पहिलंच निघेल. दुसऱ्याला चार किंवा जास्त तोंडांचे निदान पाच नोड लागतात, आणि पाण्याच्या जाळ्यात टी (तीन तोंडांचे जोड) रगड, क्रॉस (चार तोंडांचे) मोजके. नेटवर्कएक्सच्या चेक प्लॅनॅरिटीला काउंटरएक्झाम्पल मागा, ते नेमके कुठले पाइप अडतात ते देईल.

आता एक गोष्ट तुमच्याच पोस्टमध्ये आहे. जमिनीवर छेद दोन आहेत, पण एकच लाईन काढली तर ग्राफ प्लेनर झाला. बायपास दोन्ही छेदांत आहे का? नसेल, तर दुसरा छेद जाळ्याचा नाहीच, तो मांडणीचा आहे. एखादी शाखा एकाच नोडला लटकलेली असेल आणि ती त्या नोडभोवती फिरवून दुसऱ्या लूपच्या पोटात टाकली की छेद जातो.

स्प्रिंगचं थोडक्यात. ईड्स 1984, फ्रुख्टरमन आणि राइनगोल्ड 1991, हे सगळे कडांना स्प्रिंगा समजतात आणि नोडांना एकमेकांपासून ढकलतात. सममिती छान येते. पण त्या हिशेबात छेद हा शब्दच नाही. जे मोजलंच जात नाही ते पन्नास वेळा चालवून कमी होईल ही आशा आहे, पद्धत नाही.

मग तंबू का आला? सरळ रेघांनी, छेद न देता, कुठलाही साधा प्लेनर ग्राफ काढता येतो हे वागनर आणि फारी यांनी 1936 आणि 1948 मध्ये स्वतंत्रपणे सिद्ध केलं. पण 'काढता येतो' आणि 'कागदावर मावतो' यात फरक आहे. मावतो हे द फ्रेसे, पाख आणि पोलॅक यांनी दाखवलं: 2n − 4 रुंद आणि n − 2 उंच अशा चौकटींच्या जाळीवर n नोडांचा कुठलाही प्लेनर ग्राफ बसतो. श्नायडरने 1990 मध्ये तो n − 2 बाय n − 2 वर आणला. नेटवर्कएक्स पहिलीच पद्धत वापरतं, क्रोबाक आणि पेन यांनी वेगवान केलेली. तुमच्या हिशेबात जाळी 88 बाय 44 पर्यंत जाऊ शकते. ए-थ्री आडवा 420 मिलिमीटर. म्हणजे एक घर जेमतेम पावणेपाच मिलिमीटरचं. त्यात व्हॉल्व्ह नंबर लिहून दाखवा.

पण जागेपेक्षा मोठी गोम वेगळी आहे, आणि ती पुस्तकात एका ओळीत उरकलेली असते. ही पद्धत आधी ग्राफ त्रिकोणांनी भरून काढते. प्रत्येक लूपमध्ये खोट्या कडा टाकते, आतले सगळे तुकडे (रेघांनी वेढलेले भाग) त्रिकोण होईपर्यंत. नेटवर्कएक्स सगळ्यात मोठा तुकडा बाहेर ठेवतं आणि तेवढा सोडतं. त्या तुकड्याला समजा 14 कोपरे आहेत. तर आखणी होते एकूण 121 कडांची. त्यात तुमचे खरे पाइप 60, खोटे 61. मग नोड एकेक करून वर चढवत जातात, दर वेळी आधीचे बाजूला सरकवून, या 121 कडांना जागा मिळेल असे. शेवटी खोट्या पुसतात. म्हणजे तुम्ही जे चित्र बघितलंत त्याचा निम्म्याहून जास्त आकार अस्तित्वात नसलेल्या पाइपांनी ठरवलाय. तंबू त्यांचा आहे.

टट. 1963 चा पेपर, आणि विचार इतका सोपा की हेवा वाटतो. बाहेरचा लूप एका बहिर्वक्र बहुभुजावर ठोकून टाका. आतला प्रत्येक नोड आपल्या शेजाऱ्यांच्या बरोबर सरासरी जागी बसेल अशी समीकरणं लिहा. समीकरणं रेषीय, उत्तर एकमेव. ग्राफ त्रि-संलग्न असेल, म्हणजे कुठलेही दोन नोड काढले तरी तुटणार नाही, तर छेद शून्य आणि आतला प्रत्येक तुकडासुद्धा बहिर्वक्र. पण तुमचं जाळं त्रि-संलग्न नाही, पाण्याचं कुठलंच नसतं. डेड एंडचा शेजारी एकच. एकाची सरासरी म्हणजे तोच. डेड एंड थेट शेजाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसणार. एकाच नोडला लटकलेली अख्खी शाखा त्या एका बिंदूत गडप होणार. दोन नोडांच्या मधे अडकलेला भाग एका रेघेत चपटा होणार. डेड एंड आधी काढून ठेवून नंतर चिकटवता येतात, पण मग मधला भाग आक्रसतो. बाहेरच्या लूपला मोकळं अंगण आणि आतले सगळे एका खोलीत, असा प्रकार.

तर तुमच्यासाठी योग्य माणूस तमासिया, 1987. रेघा फक्त आडव्या आणि उभ्या, वळणं काटकोनात, आणि एकूण वळणं कमीत कमी. अट एक: कुठल्याही नोडला चारपेक्षा जास्त तोंडं नकोत. टीला तीन, क्रॉसला चार. जणू तुमच्या फिटिंगच्या दुकानात बसूनच लिहिलंय.

युक्ती बघण्यासारखी आहे, म्हणून थोडं थांबतो. तमासिया काटकोनांना पाण्यासारखं वाहवतो. प्रत्येक नोडकडे चार काटकोन असतात, ते त्याला आजूबाजूच्या तुकड्यांत वाटायचे असतात, प्रत्येक तोंडामधल्या जागेला निदान एक. आतल्या तुकड्याला a कोपरे असतील तर त्याला 2a − 4 काटकोन लागतात, बाहेरच्याला 2a + 4. चौकोनी लूप घ्या: आत 4 लागतात, चार नोड एकेक देतात, प्रत्येकाचे उरलेले तीन बाहेर, एकूण 12, आणि 2 × 4 + 4 सुद्धा 12. हिशेब जुळला, वळण शून्य. आता तीन नोडांचा लूप घ्या. आत हवेत 2 × 3 − 4, म्हणजे 2. पण तीन नोड निदान एकेक देणारच, म्हणजे 3 आले. एक जास्तीचा झाला, तो कुठल्यातरी कडेवरून पलीकडे बाहेरच्या तुकड्यात सोडायचा. कडेवरून गेलेला प्रत्येक काटकोन म्हणजे त्या पाइपला एक वळण. त्रिकोण एका वळणाने आयत झाला. कडा ओलांडायचा खर्च 1, नोडकडून वाटप फुकट, आणि सगळ्यात स्वस्त वाटप शोधायचं. मिनिमम कॉस्ट फ्लो. हार्डी क्रॉसच्या पद्धतीने पाइपांच्या लूपमधला प्रवाह हाताने सोडवलेल्या माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही.

आता तो म्हणतो 'आडवं-उभं', पण कुठल्या क्रमाने? नोडभोवती पाइप कुठल्या क्रमाने फिरतात ते तुम्ही आधी द्यायचं असतं. तो क्रम जमिनीवरून घ्या. तो ठरलेला असेल तर कमीत कमी वळणं झटपट मिळतात. सगळे शक्य क्रम धुंडाळायला गेलात तर प्रश्न एनपी-हार्ड होतो, म्हणजे झटपट सुटायची पद्धत कोणाला माहीत नाही असा, हे गर्ग आणि तमासिया यांनीच दाखवलंय.

चार तोंडांची अट कुठे मोडतेय ते सांगा.

---

पंपहाऊस_नाशिक

काका, मनापासून धन्यवाद. खोट्या पाइपांचं वाचून मी ते पुसण्याआधीचं चित्र काढून बघितलं. खरंच, खोट्या रेघांची आखणी नीट आहे, आमच्या पाइपांची नाही!

तुम्ही म्हणालात तसंच निघालं. बायपास एकाच छेदात आहे. दुसरा छेद कामगारांच्या खोल्यांकडे जाणाऱ्या शाखेचा. ती एकाच टीला लटकलेली आहे, उलटी फिरवली की छेद गेला. काउंटरएक्झाम्पलमध्ये तीन-घरांचंच जाळं आलं, आणि त्यातले सहाच्या सहा नोड टी आहेत.

चारची अट एकाच ठिकाणी मोडते. पहिल्या टाकीखालचा हेडर, त्याला सहा तोंडं. तिथे काय करू?

आणि बायपास परत कशी घालू? ती नकाशात नसेल तर नकाशाचा उपयोग नाही. पाणी टंचाईत तीच चालते.

---

तांब्याची_रेघ

हेडर हा मॉडेलमध्ये एक बिंदू आहे, जमिनीवर तो आडवा पाइपच आहे ना, त्यावर ओळीने टी? तसाच काढा. एका नोडचे चार नोड करा, ओळीत जोडा, तोंडांचा फिरता क्रम मोडू नका. प्रत्येकाला तीन तोंडं होतील, अट पाळली जाईल आणि चित्र खऱ्याच्या जवळ जाईल.

बायपास: उरलेल्या ग्राफचा प्रत्येक तुकडा एक खोली समजा आणि प्रत्येक पाइप दोन खोल्यांमधली भिंत. बायपासच्या एका टोकाच्या खोलीतून दुसऱ्या टोकाच्या खोलीत जायला कमीत कमी भिंती किती ओलांडाव्या लागतात, तेवढे छेद. साधा ब्रेड्थ-फर्स्ट सर्च, म्हणजे आधी जवळच्या खोल्या, मग त्यांच्या पलीकडच्या, असा शोध. क्रम बदलायची मुभा ठेवून याहून कमी होतात का, ते शोधायची लिनियर वेळेची (वेळ ग्राफच्या आकाराच्या प्रमाणातच वाढते अशी) पद्धत गुटवेंगर, मुत्झेल आणि वाइसकिर्शर यांची आहे. पण तुमच्याकडे जमिनीवरच बायपासचा छेद एक आहे आणि शून्य शक्य नाही, त्यामुळे एक हेच उत्तर.

कामगारांच्या खोल्यांची शाखा फिरवून टाका आणि मोकळे व्हा. हेलन पर्चेस यांनी 1997 मध्ये माणसांना ग्राफ दाखवून प्रश्न विचारले होते. वळणं, सममिती, कोन, सगळं तपासलं. समजण्यात सगळ्यात जास्त अडथळा छेदांचा निघाला.

---

चावीवाला_पंचवटी

रामराम. मी इंजिनिअर नाही. लाईनीच्या ठेकेदाराकडे सुपरवायझर आहे, हाताखाली सात-आठ पोरं. पोराने हा धागा दाखवला. गणित डोक्यावरून गेलं, पण शेवटचं वाचून राहवलं नाही.

ताई, ती शाखा फिरवू नका.

कामगारांच्या खोल्या रस्त्याच्या पूर्वेला आहेत ना? तुम्ही कागदावर ती लाईन फिरवून लूपच्या आत टाकली म्हणजे खोल्या पश्चिमेला, बंगल्यांच्या मधे आल्या. आमचा माणूस कागद बघतो, टीवर उभा राहतो आणि हात करतो: ही लाईन डावीकडे. आणि जातो डावीकडे. चेंबर डांबराखाली गेलेलं असतं, दिसत नाही म्हणून शोधत बसतो. अर्धा तास. तोवर पाणी रस्त्यावर. लाईन वळली किती, लांब किती, सरळ का वाकडी, याचं आम्हाला काही नाही. उजवं-डावं बदललं तर सगळं गेलं. नकाशात उत्तर वर नसली तरी चालेल, पण गोदावरी कुठल्या हाताला ते एकच असलं पाहिजे, सगळ्या कागदावर.

राहिला छेद. आपल्या नाशकातल्या द्वारकेला खाली चौक आहे आणि वरून हायवेचा पूल गेलाय. नकाशात दोन्ही रेघा छेदतात. म्हणून कोणी पुलावरून खाली चौकात गाडी उतरवायला बघतं का? नीट दाखवलं असेल तर माणसाला कळतं की वरचं वर आहे आणि खालचं खाली.

आणि त्या मॅडमनी ज्यांना प्रश्न विचारले ते वाचणारे कोण होते? कंप्युटरची पोरं असतील.

---

तांब्याची_रेघ

विद्यार्थीच होते.

सुपरवायझर साहेब, तुमचं म्हणणं ग्राफच्या भाषेत असं आहे: जमिनीवरचा फिरता क्रम पवित्र, छेद वाटाघाटीचा. बोर्डावर माझं उलटं होतं, कारण तांब्याला उजवं-डावं कळत नाही. चालायचं तर माणसाला आहे, म्हणून इथे तुमचं चालेल.

आणि सोय अशी की त्याची किंमत फार नाही. वायडाँग हुआंग यांनी 2007 च्या सुमारास वाचणाऱ्यांची नजर कुठून कशी फिरते ते यंत्राने टिपलं. अडखळायला होतं ते तिरप्या, बारीक कोनातल्या छेदांवर. रेघा काटकोनाच्या आसपास छेदत असतील तर नजर सरळ पुढे जाते.

म्हणून ताई, असं करा. दोन्ही छेद ठेवा. प्रत्येक छेदाच्या जागी एक खोटा नोड टाका, चार तोंडांचा. आता ग्राफ प्लेनर, क्रम पूर्ण जमिनीवरचा. तमासियाला द्या. चार तोंडांच्या नोडकडे चारच काटकोन आणि प्रत्येक जागेला निदान एक, म्हणजे त्याला निवडच नाही: चारही कोन काटकोन. दोन्ही लाईनी तिथून नाकासमोर सरळ जाणार. काढताना खोटा नोड पुसा आणि वरच्या लाईनीला तिथे छोटी अर्धगोल उडी द्या, वायरिंगच्या ड्रॉइंगमध्ये देतात तशी. खऱ्या क्रॉसला मात्र ठसठशीत काळा ठिपका. ठिपका म्हणजे जोड, उडी म्हणजे जोड नाही. कोपऱ्यात सूचीत हे दोनच लिहा.

बाहेरचा तुकडा कुठला ते सॉफ्टवेअरवर सोडू नका. नदीकडच्या बाजूचा द्या.

---

अर्धवट_इंजिनिअर

ग्राफविझमध्ये ऑर्थो स्प्लाइन आहे ना? एक ओळ लिहिली की काटकोनात येतं. एवढा फ्लो कशाला?

शिवाय लंडन मेट्रोसारखं 45 अंशात केलं तर जास्त छान दिसेल.

---

तांब्याची_रेघ

ग्राफविझ नोडांच्या जागा आधी ठरवतं आणि मग कडा काटकोनात ओढतं. छेद टाळायची हमी नाही, आणि जमिनीवरचा क्रम तर त्याला माहीतच नाही. नाव सारखं, काम वेगळं.

लंडनचा तो नकाशा 1933 मध्ये छापला गेला, हॅरी बेक यांचा, आणि त्यांनी तो हाताने काढला होता. 45 अंश घेतले की आठ दिशा होतात. त्यात सुरेख चित्र आपोआप मिळवायला न्योलेनबुर्ग आणि वोल्फ यांना इंटिजर प्रोग्रामिंग (पूर्णांकांचं जड गणित) लावावं लागलं. करायला बंदी नाही. पण ताईंना कागद भिंतीवर लावायचाय, प्रबंध लिहायचा नाही.

तू मात्र एक कर: ताईंना फ्लोचा कोड लिहून दे. नेटवर्कएक्समध्ये असा फ्लो सोडवणारं नेटवर्क सिम्प्लेक्स आहे, शंभर ओळीही लागणार नाहीत. प्रोजेक्टपेक्षा जास्त शिकशील.

---

पंपहाऊस_नाशिक

अपडेट. अर्धवट_इंजिनिअर यांनी खरंच कोड लिहून दिला, त्यांचे आभार. (नाव बदला आता.)

हेडरचे चार नोड केले, दोन छेदांचे दोन खोटे नोड टाकले. म्हणजे 51 नोड, 68 कडा. ऑयलरचं सूत्र लावलं तर तुकडे 68 − 51 + 2, म्हणजे 19. कोडने जमिनीवरच्या क्रमावरून मोजलेले तुकडेही 19 आले, तेव्हा क्रम कुठे चुकला नाही अशी खात्री झाली. फ्लोने एकूण 9 वळणं सांगितली. त्यातली चार एकट्या बायपासला, ते ठीकच आहे, ती जमिनीवरही वेडीवाकडीच आहे.

फ्लोमधून फक्त कुठल्या नोडला किती अंश आणि कुठल्या पाइपला किती वळणं एवढंच मिळतं, लांबी नाही. ती मी ऑटोकॅडमध्ये एफ-8 (रेघ आडवी-उभीच ठेवणारं बटण) दाबून हातानेच दिली. टाकीजवळ ऐसपैस जागा सोडली, पूर्वेकडची लांबलचक लाईन बोटभर केली. डेड एंड सगळे बाहेरच्या बाजूला तोंड करून. व्हॉल्व्ह नंबर सगळे आडवे, मान वाकडी न करता वाचता येतील असे.

काल पंपहाऊसमध्ये चाचणी घेतली. कामगारांच्या खोल्यांचं पाणी कुठून बंद कराल म्हणून विचारलं. रात्रपाळीच्या मामांनी रेघेवरून बोट फिरवत नेलं, उडीवर थांबले, सूचीकडे बघितलं, आणि पुढे सरळ गेले. व्हॉल्व्ह बरोबर सांगितला. मग मला म्हणाले, "मॅडम, हा नंबर कागदावर आहे, पण चेंबरवर कुठाय?"

---

चावीवाला_पंचवटी

बरोबर विचारलं मामांनी. झाकणावर तोच नंबर टाका. रंग पिवळा ऑइल पेंट घ्या आणि दरवर्षी पावसाळा संपला की परत मारा. आणि झाकणं गोल असतील तर नदीच्या दिशेने एक बाण काढायला सांगा. पोरं झाकण उचलून परत ठेवताना फिरवतात, म्हणून बाण झाकणावर नको, फ्रेमवर.